मुंबई ते लंडन: किती किलोमीटर, किती तास आणि घरापासून घरापर्यंत किती

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. हा आकडा मोबाइलवर एका बोटात मिळतो, पण नुसत्या आकड्यावरून प्रवास ठरवता येत नाही. दुपारी एकचं विमान धरायला साताऱ्यातून किती वाजता निघायचं, लेकीला हीथ्रोवर किती वाजता बोलवायचं, मधे रक्तदाबाच्या गोळ्या किती लागतील, यातलं काहीही किलोमीटर सांगत नाहीत. त्यासाठी तास लागतात आणि तेही आपले आपण ताडून पाहिलेले.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. अंतर आणि वेळ यांचं भांडण मिटवण्यातच नोकरी गेली. आता लेक-जावई लंडनला असतात आणि आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच घरांतली पोरं बाहेरच आहेत. तिकीट आलं की मंडळी त्याची प्रिंट घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "दादा, हे नक्की किती तासांचं आहे हो?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. उदाहरण मुंबई-लंडनचं घेतलंय, पण रीत कुठल्याही दोन शहरांना चालते.

आधी विमानतळ पक्का करा

शहर ते शहर असं विमान नसतं, विमानतळ ते विमानतळ असतं. लंडनच्या नावावर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे विमानतळ आहेत आणि त्यांतले काही एकमेकांपासून गाडीने तास-दीड तासावर आहेत. गोव्याला दाबोळी आणि मोपा. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तरी अजून लोक दाबोळीला नातेवाईक उभे करतात आणि स्वतः पेडण्यातल्या मोपाला उतरतात. आता मुंबईचंही तेच. तिकिटावर तीन अक्षरी खूण असते. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा नवा. पुण्याकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला या दोन खुणांमधला फरक विमानाच्या भाड्यापेक्षा महाग पडू शकतो, कारण एका ठिकाणी कळंबोलीजवळ प्रवास संपत आला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाशीची खाडी ओलांडून मुंबईची गर्दी कापायची असते. लंडनची हीथ्रोची खूण एलएचआर. दोन्ही खुणा कागदावर लिहा, मग पुढे.

अंतर काढायच्या तीन तऱ्हा

सगळ्यांत सोपी तऱ्हा गूगल मॅप्सची. संगणकावर मुंबई विमानतळावर उजवं बटण दाबा, अंतर मोजायचा पर्याय येतो. तो निवडून लंडनवर टिचकी मारा. फोनवर ठिकाणावर बोट दाबून धरलं की तोच पर्याय मिळतो. ग्रेट सर्कल मॅपर नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे दोन विमानतळांच्या खुणा टाकल्या की आकडा आणि रेघ दोन्ही येतात. रेघ वाकडी दिसेल. घाबरू नका, वाकडी दिसते ती नकाशा सपाट असल्यामुळे.

दुसरी तऱ्हा माझ्या आवडीची. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर धरा आणि ताणा. दोरा आपणहून सर्वांत जवळची वाट धरतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई-लंडन दोरा १७ सेंटिमीटर भरतो. गुणाकार तुम्हीच करा.

दोरा ताणलेला असतानाच तो कुठून जातो ते बघून ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते. गोलावरचा दोरा मात्र कराचीजवळून इराणात शिरतो, कॅस्पियन समुद्राच्या कोपऱ्यावरून अझरबैजान-जॉर्जियाकडे वळतो, काळा समुद्र आणि पश्चिम युक्रेन ओलांडून पोलंड-जर्मनीवरून लंडनला पोचतो. पट्टीची वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळपास दोनशे किलोमीटरने लांब पडते.

तिसरी तऱ्हा गणिताची. ज्यांना दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन-कोसाइन दिसतात, ते अंशांवर ठेवा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांश. हीथ्रो ५१.४७ उत्तर आणि ०.४५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२. दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी केली असती. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६८९. बेरीज ०.४२४८. या आकड्याचा उलटा कोसाइन घेतला की ६४.८६ अंश येतात. पृथ्वीवर एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर.

हेच ६४.८६ अंश साठाने गुणले तर ३,८९० सागरी मैल होतात आणि वैमानिक हाच आकडा बोलतात. अमेरिकन संकेतस्थळं साध्या मैलांत ४,४८० दाखवतात. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले की लोक म्हणतात इंटरनेटवर काहीही लिहितात. आकडे एकाच अंतराचे आहेत, फक्त माप वेगळं. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा.

जवळच्या शहरांना एवढं करायची गरज नाही. मुंबई-नागपूर घ्या. अक्षांशात २ अंशांचा फरक, गुणिले १११, म्हणजे २२२. रेखांशात ६.१८ अंशांचा फरक. आपल्या महाराष्ट्राच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटरचा, म्हणून ६४६. मग आठवीतलं पायथागोरस: दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ६८३ किलोमीटर. गंमत म्हणजे समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, त्यामुळे घरापासून मोजलं तर वाढेल, पण रस्ता विमानाच्या रेघेच्या इतका जवळ आलेला मी दुसरा पाहिला नाही. रेल्वेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर सुमारे ८४० पडतं.

किलोमीटरचे तास करणे

लांब पल्ल्याची जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के वेगाने उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर थंडीमुळे ध्वनीच मंद चालतो, त्यामुळे हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. पण हा वेग वर गेल्यावरचा. गेट सोडणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, पुन्हा गेटला लागणं, यांत वेळ जातो आणि त्या वेळात अंतर फारसं कापलं जात नाही.

म्हणून मी एक ठोकताळा ठेवलाय. किलोमीटर भागिले ८५०, जेवढे तास येतील त्यांत ४० मिनिटं मिळवा.

नागपूरला ६८३ भागिले ८५० म्हणजे ४८ मिनिटं, अधिक ४०, एकूण १ तास २८ मिनिटं. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपासच असतं. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर, ठोकताळ्याने दोन तास. प्रत्यक्षात कंपन्या दहा-वीस मिनिटं जास्त लावतात, कारण दोन्हीकडे गर्दी. मुंबई-लंडन ७,२१० ला ८ तास २९ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे ९ तास ९ मिनिटं. मुंबई-नेवार्क साधारण १२,५५० किलोमीटर, ठोकताळ्याने साडेपंधरा तासांच्या थोडं आत.

नागपूरच्या हिशेबात ती ४० मिनिटं जवळजवळ निम्मी आहेत आणि नेवार्कच्या हिशेबात चिमूटभर. जवळच्या प्रवासात अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही. लोक इथे फसतात.

जाताना जास्त, येताना कमी

एकाच मार्गावर लंडनला जाताना पावणेदहा-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास दिसतात. ज्यांनी पहिल्यांदा तिकीट पाहिलं त्यांना वाटतं छापण्यात चूक आहे. छपाई बरोबर असते, फरक वाऱ्याचा असतो. विमान ज्या उंचीवर उडतं तिथे मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तर आणि दक्षिणेकडच्या तापमानातला फरक जितका जास्त तितका तो जोरात, म्हणून हिवाळ्यात जास्त.

हिशेब असा. विमान हवेत ९०० ने चाललंय. समोरून सरासरी ६० चा वारा असेल तर जमिनीवरून ८४० चीच मजल: ७,२१० ला ८ तास ३५ मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर ९६०: ७ तास ३१ मिनिटं. तासाभराचा फरक इथेच पडला. वारा नसता तर ८ तास १ मिनिट लागलं असतं. म्हणजे जाताना ३४ मिनिटं गमावली आणि येताना ३०च कमावली. गमावलेलं पूर्ण वसूल होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. हे समजल्यावर मला फार आनंद झाला होता, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, चार मिनिटांसाठी एवढं?

वाऱ्याचा जोर किती असू शकतो याचा दाखला २०२० च्या फेब्रुवारीतला. अटलांटिकवर किआरा नावाचं वादळ होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

आणि सर्वांत झकास उदाहरण एअर इंडियाचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, पण वारा पाठीशी मिळाल्यामुळे ते साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी. वाट लांबली आणि वेळ घटला. पुढच्या वेळी कोणी "अंतर किती" विचारलं की मी हेच सांगतो.

बंद पडलेलं आकाश

आता तो दोरा आठवा. कराची आणि युक्रेन.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही त्यांना आपली बंद केली. पुढे महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. २०१९ मध्येही असंच झालं होतं, फेब्रुवारीच्या अखेरीस बंद झालेली हद्द १६ जुलैला उघडली. या बंदीचा मोठा फटका दिल्ली-अमृतसरकडच्या विमानांना बसतो, त्यांना आधी खाली दक्षिणेला यावं लागतं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं तर २०२५ मध्ये इंधनासाठी व्हिएन्नात उतरू लागली. मुंबईकरांचं त्या मानाने बरं, कारण मुंबईहून अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे निघता येतं. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, ते सगळ्यांनाच. त्याच वर्षी रशियाने युरोपीय कंपन्यांना हद्द बंद केली. हेलसिंकीहून टोकियो साडेनऊ तासांवर होतं, ते तेरा तासांवर गेलं. दोन्ही शहरं जागची हलली नाहीत.

म्हणून प्रत्यक्ष वाट रोज बघावी लागते आणि ती बघायला फ्लाइटरडार२४ आहे. तिथे विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांतल्या फेऱ्या दिसतात: कधी सुटायला हवं होतं, कधी सुटलं, कधी उतरलं. मी हा तक्ता तिकीट काढण्याआधी बघतो. ठरलेली वेळ काय छापली आहे यापेक्षा गेल्या आठवड्यात झालं काय, ते कळलं पाहिजे. एखादं विमान रोज चाळीस मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोचत असेल तर समजा की वेळापत्रकात मोकळी जागा ठेवलेली आहे. कंपन्या ती ठेवतातच. आपल्याकडे ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत असेल तर विमान वेळेवर धरतात, त्यामुळे थोडी सैल वेळ छापणं त्यांच्या सोयीचं असतं.

हीथ्रोला उतरताना विमान गोल गोल फिरताना दिसलं तर काळजी करू नका. तिथे उतरणाऱ्यांसाठी चार प्रतीक्षा-जागा आहेत: बोव्हिंग्डन, लँबोर्न, बिगिन आणि ऑकहॅम. गर्दी असली की विमानं तिथे थरावर थर लावून घिरट्या घालतात. लेक विमानात असते तेव्हा मी साताऱ्यात बसून त्या घिरट्या मोजतो. मुंबईतही विमानं ताटकळतात, कारण तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकीवरच काम चालतं.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची

तिकिटावर सुटायची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलायची वेळ. तुम्ही चढायची नव्हे आणि चाकं जमीन सोडायचीही नव्हे. पोचायची वेळ म्हणजे पलीकडच्या गेटला लागायची. वैमानिक हवेत "आपला प्रवास आठ तास पन्नास मिनिटांचा" म्हणाला आणि तिकिटावर पावणेदहा असेल तर दोघंही खरं बोलताहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबईची वेळ मुंबईच्या घड्याळाने, लंडनची लंडनच्या. थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही वेळा एका घड्याळावर आणायच्या. आपण जगाच्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. लंडन हिवाळ्यात बरोबर प्रमाणवेळेवर आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणून आपल्यातला फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार.

समजा हिवाळ्यातलं तिकीट आहे: मुंबई १३:००, लंडन १७:२०. नुसतं पाहिलं तर ४ तास २० मिनिटं. मुंबईच्या १३:०० मधून साडेपाच वजा केले तर लंडनला तेव्हा सकाळचे ७:३०. तिथून १७:२० पर्यंत ९ तास ५० मिनिटं. हा खरा प्रवास. परतीचं बघा: लंडन २१:३०, मुंबई १२:०० आणि शेजारी बारीक अक्षरात +१. ही +१ नीट बघा, ती दुसऱ्या दिवसाची खूण आहे. लंडनला २१:३० तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ३:००. तिथून दुपारी १२:०० पर्यंत ९ तास. थेट वजाबाकी केली असती तर साडेचौदा आले असते आणि तुम्ही जेवणाचे दोन डबे जास्त बांधले असते.

ज्यांना वजाबाकी नको त्यांच्यासाठी काट्यांच्या घड्याळाची युक्ती. मनगटावरचं घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. जी वेळ दिसेल ती लंडनची हिवाळ्यातली वेळ. आपल्याकडे दुपारचे ३:०० असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात आणि तिथे सकाळचे साडेनऊच असतात. उन्हाळ्यात एक तास मिळवा. सकाळ की रात्र ते तुमचं तुम्ही ओळखा.

अमेरिकेचे घड्याळ बदलण्याचे दिवस वेगळे आहेत: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर लंडनमार्गे न्यूयॉर्कचं तिकीट असेल तर तिन्ही ठिकाणांचे फरक वेगवेगळे तपासा. विमान कंपन्यांचं उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकही मार्च-ऑक्टोबरच्या त्याच शेवटच्या रविवारी बदलतं. म्हणून सप्टेंबरमध्ये काढलेल्या नोव्हेंबरच्या तिकिटाची वेळ ऑक्टोबरात पुन्हा एकदा बघायची.

मधला थांबा

मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. सरळ वाटेपेक्षा २२० किलोमीटरच जास्त. मग दुबईमार्गे का लांबतं? ती ४० मिनिटं दोनदा मोजायची, समोरचा वारा धरायचा आणि मधे बसून राहायचे तास. नुसता हवेतला आणि धावपट्टीवरचा वेळ पावणेअकराच्या आसपास, त्यात तीन तासांचा थांबा धरला की पावणेचौदा. तिकीट स्वस्त असतं हे खरं. पाय दुखणाऱ्या माणसाला उठून चालायला मिळतं हेही खरं. पण व्हीलचेअर लागणारी माणसं असतील तर मी तीन तासांपेक्षा कमी थांब्याचं तिकीट काढू देत नाही. संकेतस्थळ दीड तासाचा थांबा विकतं म्हणून तो पुरतो असं नाही. व्हीलचेअर सगळ्यांत शेवटी उतरते.

"डायरेक्ट" या शब्दावर विसंबू नका. एकाच क्रमांकाचं विमान मधे कुठेतरी उतरून पुढे जात असेल तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. एसटीच्या पाटीवर जे "विना थांबा" असतं ते हवं असेल तर नॉनस्टॉप लिहिलंय का बघा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथे पहिल्यांदा ज्या शहरात उतराल तिथेच बहुतेक वेळा बॅगा घेऊन इमिग्रेशन-कस्टम पार करावं लागतं आणि मग पुढच्या विमानासाठी बॅगा पुन्हा द्याव्या लागतात. शेवटचं शहर दुसरं असलं तरी. तो वेळ थांब्यात धरा.

घरापासून घरापर्यंत

आता साताऱ्याहून हीथ्रोजवळच्या लेकीच्या घरापर्यंतचा हिशेब. विमान १३:०० चं. आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी, म्हणून १०:०० ला विमानतळावर. सातारा-मुंबई साधारण अडीचशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पाच तास, पण खंबाटकी, पुण्याचा नवले पूल आणि खंडाळ्याचा घाट ही तीन ठिकाणं कुणाचं ऐकत नाहीत. शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी मी दीड तास वरचा धरतो. म्हणजे पहाटे साडेतीनला घर सोडायचं. १७:२० ला लंडनच्या गेटला लागलं. इमिग्रेशन आणि बॅगांना दीड तास, गाडीने पाऊण तास. १९:३५ ला घरात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १:०५. एकूण २१ तास ३५ मिनिटं आणि त्यातले विमानाचे दहासुद्धा नाहीत.

म्हणून पाहुण्यांना "दहा तासांचा प्रवास" सांगू नये. शिवाय दहा तास ऐकून बरेच लोक आदल्या रात्री नीट झोपत नाहीत, विमानात झोपू म्हणतात.

निघायच्या आधी आमच्याकडे एक कागद होतो. डाव्या बाजूला भारतीय वेळ, उजव्या बाजूला लंडनची वेळ. घर सोडणं, विमानतळ, सुटणं, विमानातली दोन जेवणं, उतरणं, लेकीचं घर, सगळं दोन्ही रकान्यांत. गोळ्या मात्र फक्त डाव्या रकान्यात. साखरेची किंवा इन्सुलिनची बाब असेल तर हा कागद आधी डॉक्टरांना दाखवायचा आणि त्यांच्याकडूनच त्यावर वेळा लिहून घ्यायच्या, कारण जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो आणि येताना तेवढाच आखडतो. कागदाच्या दोन प्रती काढा. एक प्रवाशाच्या खिशात, वरच्या कप्प्यातल्या पिशवीत नाही. दुसरी घरी राहणाऱ्याकडे, म्हणजे रात्री अकराला "अजून फोन कसा नाही आला" सुरू झालं की कागद बघून कळतं, विमान उतरून अजून पाऊण तासही झालेला नाही.